एका पंगतीत बसलेली शाळा

जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांची दारे उघडतात. नव्या वह्यांचा वास, पावसात भिजलेली दप्तरे, कोणी कोणाशेजारी बसायचे यावरून चाललेली कुजबुज आणि पहिल्याच दिवशी रडवेला झालेला एखादा चेहरा, हे दृश्य वर्षानुवर्षे तेच आहे. हजेरीपटावर चाळीस-पन्नास नावे चढतात आणि कागदोपत्री एक वर्ग तयार होतो. परंतु एका खोलीत बसलेली मुले म्हणजे वर्ग नव्हे, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. ती मुले एकमेकांची कधी होतात, कशाने होतात, हा खरा प्रश्न असतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला आजच्यापेक्षा कितीतरी अधिक धार होती. कारण तेव्हा शेजारी बसणे ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हती. ती जातीची, धर्माची आणि विटाळाची बाब होती. त्या काळात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणून, एका चुलीवरचे अन्न खायला लावून त्यांतून एक कुटुंब उभे करणारा माणूस साताऱ्यात होऊन गेला. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

दाराबाहेरचा विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अंगाने दणकट, स्वभावाने हूड आणि अन्याय दिसला की उसळून उठणारा हा मुलगा पुस्तकांत फारसा रमत नसे. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून संतापाच्या भरात त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिकत त्यांच्या बालपणाविषयी आवर्जून सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. त्या वेळचे कोल्हापूर हे शिक्षणाच्या दृष्टीने एक विलक्षण नगर होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उघडण्याचा धडाका लावला होता. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातल्या मुलाला शिकायचे तर शहरात राहण्याजेवण्याची सोय हवी. ती कोणत्याही एका जातीच्या खाणावळीत सर्वांना मिळणे अशक्य होते. तेव्हा प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांचा भार उचलावा, राज्याने त्याला जागा आणि पैसा द्यावा, हा महाराजांचा व्यवहारी मार्ग होता. त्या परिस्थितीत याहून वेगळा मार्ग सहजी निघालाही नसता.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, मगच जेवणाच्या पंगतीत यावे, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी स्पष्ट नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ऐन विद्यार्थिदशेत राहण्याजेवण्याची सोय गेली, आणि तीही अशा कारणासाठी, की ते दुसऱ्या मुलांच्या आनंदात सहभागी झाले होते. शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांची पुढची सोय लागली खरी, पण पंगतीतून उठवले जाणे म्हणजे काय असते, याचा अनुभव त्यांना आयुष्यभर पुरला. पुढे त्यांनी जे उभारले त्याचे मूळ या एका प्रसंगात शोधता येते.

शालेय शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. मॅट्रिकच्या पायरीपर्यंतही ते नीटपणे पोहोचले नाहीत. ज्याने पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले त्याच्या स्वतःच्या हाती एकही पदवी नव्हती. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या सुरू केल्या आणि ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. याच सुमारास एका शाळेच्या दाराबाहेर बसून आतला धडा ऐकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. वर्गातल्या मुलांनी चपला जेथे काढल्या होत्या तेथेच त्याची जागा होती. भाऊरावांनी चौकशी केली, त्या मुलाला उचलले आणि थेट कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. ज्ञानदेव घोलप हे त्या मुलाचे नाव. पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. उंबरठ्याच्या आत आणि बाहेर यांत केवढे अंतर असते, हे या एका उदाहरणाने भाऊरावांना दाखवून दिले.

नांगर विकणारा प्रचारक

१९१० च्या सुमारास काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण त्यांचे पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासण्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ते बधले नाहीत, तेव्हा त्यांनाच तुरुंगात डांबले गेले. तेथील छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. विशेष म्हणजे ज्या लठ्ठ्यांसाठी त्यांनी हे सोसले, ते जैन वसतिगृहाशी निकट संबंध असलेले गृहस्थ होते. जुना राग खोट्या साक्षीत उतरवण्याचा विचार भाऊरावांच्या मनाला शिवला नाही.

सुटकेनंतर त्यांनी ओगले काच कारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. या कामासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचे गुण सांगताना त्यांना त्या घरातील दारिद्र्य, कर्ज आणि निरक्षरता जवळून दिसत होती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेलाच होता. गावाला नवा नांगर मिळाला तरी नांगरणाऱ्याच्या मुलाला अक्षरओळख झाली नाही, तर सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे त्याला कधीच कळणार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या नावात कोणत्या जातीचा, धर्माचा किंवा देणगीदाराचा उल्लेख नव्हता. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी प्रजा. तिचीच ही संस्था होती.

साताऱ्याचे वसतिगृह

१९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यात आले आणि तेथे भाऊरावांनी एक वसतिगृह सुरू केले. येथे त्यांनी आपल्या गुरूस्थानी असलेल्या शाहू महाराजांच्या पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक जातीसाठी निराळे वसतिगृह न काढता सर्व जातींसाठी एकच काढले. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, रामोशी अशा नाना घरांतली मुले एकाच वास्तूत राहणार, एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणार, असा तेथला नियम होता. आज वाचताना ही बाब साधी वाटते. त्या काळी ती ऐकूनच अनेक पालकांच्या पोटात गोळा येत असे. आपला मुलगा शिकावा असे वाटे, पण तो बाटला तर गावात तोंड कसे दाखवायचे, ही भीती त्याहून मोठी असे.

अशा मुलांचा पहिला दिवस कसा असेल याची कल्पना करून पाहावी. घरी, गावी, देवळात, पाणवठ्यावर जे शिकवले गेले त्याच्या नेमके उलट येथे करायचे. ज्याची सावली टाळायची तो येथे शेजारी झोपणार. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही तो आज भाकरी वाढणार. अशा वेळी मुलांना समतेवर व्याख्यान देऊन काही साधले नसते. भाऊरावांनी व्याख्यानापेक्षा कामावर भर दिला. वसतिगृहात चाकर नव्हते. झाडलोट, पाणी, सरपण, निवडटिपण, स्वयंपाक, वाढणे, खरकटे काढणे ही सगळी कामे मुलांनीच करायची असत. कामाची वाटणी जातीवर नव्हती. त्यामुळे झाडू ही एकाची आणि चूल ही दुसऱ्याची, असा गावात चालणारा व्यवहार येथे पहिल्याच आठवड्यात मोडून पडे. आज ज्याने भात करपवला त्याला उद्या दुसऱ्याने करपवलेला भात मुकाट्याने खावा लागे. भूक सर्वांना सारखीच लागते, हे शिकायला वेगळा तास लागत नसे.

वसतिगृहात येणाऱ्या मुलाने ऐपतीप्रमाणे धान्य आणावे, ज्याला शक्य नाही त्याने काहीच आणू नये, अशी रीत होती. उरलेली भर भाऊराव गावोगाव हिंडून घालीत. कोणी ज्वारी देई, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. ज्या गावांनी आपली मुले पाठवायला कां कूं केले त्याच गावांकडून त्यांनी धान्य मिळवले आणि त्या धान्यावर सर्व जातींची मुले वाढवली. एका पोत्यात मिसळलेली ज्वारी कोणाच्या शेतातली हे दळल्यावर कोण ओळखणार? मुले आणि धान्य दोन्ही एकत्र झाली की माघार घेणे गावालाही अवघड होई.

वहिनींचे मंगळसूत्र

या कुटुंबाची खरी गृहिणी होती लक्ष्मीबाई. माहेरचे नाव आदक्का. कुंभोजच्या सुखवस्तू घरातील ही मुलगी अंगभर दागिने लेवून भाऊरावांच्या घरी आली होती. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने पतीच्या हट्टाखातर नव्हे, तर हळूहळू स्वतःच्या मायेने या सगळ्या मुलांना आपले मानले. मुले त्यांना वहिनी म्हणत आणि भाऊरावांना अण्णा. हजेरीपटावरच्या नावांना घरपण आले ते या दोन हाकांमुळे. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, नव्याने आलेल्याची घरच्या आठवणीने होणारी घालमेल ओळखणे, कोण अर्धपोटी उठला हे पाहणे, हे काम त्यांनी केले. वसतिगृहाच्या हिशेबात ते कोठे नोंदलेले नाही.

अडचणीच्या वेळी त्यांचे दागिने एकेक करून मोडले गेले. एकदा भाऊराव फिरतीवर असताना कोठीतले धान्य संपले. मुलांना उपाशी ठेवायचे की काय, असा प्रश्न उभा राहिला. अंगावर आता मंगळसूत्रच काय ते शिल्लक होते. लक्ष्मीबाईंनी ते दिले आणि त्या पैशांतून मुलांच्या जेवणाची सोय केली. ज्या समाजात मंगळसूत्र काढणे हा अशुभाचा कळस मानला जाई, त्या समाजातील एका स्त्रीने परक्या जातींच्या मुलांसाठी ते केले. त्या पंगतीत बसलेल्या मुलांना समता कशास म्हणतात हे त्यानंतर कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसेल. १९३० साली लक्ष्मीबाईंचे अकाली निधन झाले. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. भाऊरावांच्या कार्याचा गौरव करताना या त्यागाची किंमत कोणी मोजली, हेही विसरता कामा नये. ती किंमत एका घराने मोजली आणि त्यातला मोठा वाटा त्या घरातल्या स्त्रीचा होता.

गांधीजींची भेट

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले येथे कोणताही गाजावाजा न करता एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून त्यांना विशेष समाधान वाटले. भाऊरावांनी खादीचे व्रत घेतले होते आणि पुढे ते आमरण पाळले. वाढलेली दाढी, अंगावर खादी आणि खांद्यावर घोंगडी अशा वेषातली त्यांची भव्य मूर्ती महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. १९३२ साली पुणे करार झाला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. राजकीय करार कागदावर होतात. ते माणसांत उतरवायचे तर मुलांना एकत्र राहू दिले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलांना पुढे खेड्यांत कोण शिकवणार, हा पुढचा प्रश्न होता. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. शिक्षक स्वतः पंगतीत बसलेला नसेल तर तो मुलांना एकत्र बसवू शकणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. दुर्गम वाड्यावस्त्यांवर शेकडो प्राथमिक शाळा निघाल्या. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीत, तर कोठे झाडाखाली वर्ग भरू लागले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, छत्रपती शिवाजी कॉलेजची स्थापना झाली. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने श्रम द्यावेत आणि शिकावे, हे सूत्र आता महाविद्यालयापर्यंत पोहोचले. मुलांनी खडकाळ माळ खोदला, दगड फोडले, झाडे लावली, शेती केली. फी भरू न शकणारा विद्यार्थी येथे मान खाली घालून बसत नसे, कारण त्याने आपली फी घामाने भरलेली असे. कमवा आणि शिका या योजनेचा हा अर्थ अनेकदा दुर्लक्षिला जातो. ती केवळ गरिबांसाठीची सवलत नव्हती. वर्गात कोणी उपकृत आणि कोणी उपकारकर्ता राहू नये यासाठीची ती व्यवस्था होती.

या महाविद्यालयाचे शिवाजी महाराजांचे नाव बदलून आपले नाव द्यावे, त्या बदल्यात मोठी देणगी घ्यावी, असा प्रस्ताव एका धनिकाने आणल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. वेळ पडली तर आपण आपल्या वडिलांचे नाव बदलू, पण कॉलेजचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन भाऊरावांनी त्याला वाटेला लावले. पैशांची चणचण तर कायमचीच होती. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. तरीही वर्ग बंद पडले नाहीत. शिक्षकांनी अपुऱ्या पगारावर दिवस काढले आणि गावांनी पुन्हा धान्य दिले. संत गाडगे महाराजांसारखे लोकोत्तर पुरुष भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

मे आणि जून

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी देऊन त्यांचा गौरव केला. मॅट्रिक न झालेल्या माणसाचा हा सन्मान होता. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची माध्यमिक विद्यालये शंभरावर गेली होती. मे महिन्यात ते गेले आणि जूनमध्ये नेहमीप्रमाणे त्या सर्व शाळांच्या घंटा वाजल्या. त्यांच्यासारख्या माणसाला याहून वेगळी श्रद्धांजली रुचली नसती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचेच खोड होते, आणि मूळ खोड कोणते हे काही काळाने ओळखू येत नाही.

भाऊरावांच्या कार्याची मांडणी करताना शाळांची आणि महाविद्यालयांची संख्या सांगण्याचा मोह होतो. ती संख्या मोठी आहेच. परंतु साताऱ्याच्या त्या पहिल्या वसतिगृहाने दाखवलेली गोष्ट संख्येत मावत नाही. परस्परांना अपरिचित, किंबहुना परस्परांना परके समजायला शिकवलेली मुले एकत्र आली की ती आपोआप एक होत नाहीत. त्यांना एकत्र करावे लागते. त्यासाठी सर्वांचे मिळून एक काम असावे लागते आणि त्या कामात कोणालाही सूट असू नये लागते. मोठ्या माणसांनी ते काम आधी स्वतः करावे लागते. आणि कोणीतरी एक असे असावे लागते, जे नव्या मुलाचा उतरलेला चेहरा पहिल्याच संध्याकाळी ओळखते.

आज शाळेत जातीवरून कोणाला दाराबाहेर बसवणे हा गुन्हा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण एकत्र होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. कायद्याने उंबरठा ओलांडून दिला, हे मोठेच काम झाले. पण उंबरठ्याच्या आत आल्यावर पुढे काय, हा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. महागडी दप्तरे आणि साधी दप्तरे, शिकवणी लावणारे आणि न लावणारे, घरी इंग्रजी बोलणारे आणि न बोलणारे, अशा नव्या पंगती वर्गात नकळत पडतात. डबा उघडताना कोण कोणापासून दूर सरकते, हे आजही जूनच्या पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पाहायला मिळते.

ते पाहणारा शिक्षक प्रत्येक शाळेत असतो. त्याच्यापाशी वसतिगृह नसेल, शेती नसेल, माळरान नसेल. पण वर्ग झाडायची पाळी सर्वांना लावणे, त्यात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलालाही न वगळणे, डबे गोल करून बसायला लावणे आणि त्या गोलात स्वतःचाही डबा उघडणे, इतके तर त्याच्या हाती आहे. पाटील मास्तरांपाशी सुरुवातीला याहून फार अधिक काही नव्हते.